अंकीय चित्रफितींची लिपी आणि तिचे वाचक

एखाद्या जुन्या ग्रंथाविषयी बोलावयाचे तर प्रथम 'कोणती प्रत?' असे विचारावे, ही सवय आपल्याला एम. ए. च्या पहिल्या वर्षापासून लावली जाते. चित्रफितीविषयी हा प्रश्न आपण विचारत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लोहमार्गावरच्या तीन शेजारी शहरांत साधारणपणे १९९५ ते २०१० या काळात जी लग्ने, मुंजी, स्नेहसंमेलने, सत्कार आणि गाण्याचे कार्यक्रम झाले त्यांचे चित्रण घरोघरी 'कॅसेट' आणि 'सीडी' या दोनच नावांनी ओळखले जाते. वस्तुतः 'कॅसेट' या एका शब्दाखाली पाच-सहा निरनिराळ्या लेखनपद्धती नांदत होत्या. त्यांची यंत्रे वेगळी, फितीची रुंदी वेगळी आणि मुख्य म्हणजे चित्राचे काय ठेवावे व काय टाकावे याविषयीचे नियमही वेगळे. त्यांचा इतिहास पाहू जाता आम्हांला एक विसंगती जाणवत राहिली. अंकीय, म्हणजे डिजिटल, फितीने निर्दोष नक्कल करण्याची सोय प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. आणि नेमक्या त्याच काळात मूळ प्रत घरी पोचणे बंद झाले. ही विसंगती उलगडायची तर संकेताच्या घडणीत थोडे शिरावे लागेल. वाचकांनी बिचकू नये. गणवृत्तांची लक्षणे पाठ केलेल्यांना यात अवघड असे काही नाही.

रंगीत दूरदर्शनचा संकेत म्हणजे दोन गोष्टींची मोट असते. एक प्रकाशाची तीव्रता आणि दुसरी रंगाची माहिती. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, आणि रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर बसवून प्रकाशाच्या संकेतातच मिसळली जाते. म्हणून सगळे चित्र एकाच तारेतून जाऊ शकते. दूरदर्शन संचाच्या मागची ती पिवळी पिन पुष्कळांना आठवत असेल. मिसळणे सोपे, पुन्हा वेगळे करणे मात्र कधीच पूर्ण साधत नाही. बारीक चौकड्यांच्या सदऱ्यावर जे इंद्रधनुषी तरंग उमटत ते या अर्धवट फारकतीचेच चिन्ह. व्हीएचएस ही १९७६ साली आलेली घरगुती पद्धत तर याहून काटकसरी होती. प्रक्षेपणात प्रकाशासाठी सुमारे ५ मेगाहर्ट्झ मिळत, व्हीएचएस त्यातले ३ च्या आसपास राखी, आणि रंगाला अर्ध्या मेगाहर्ट्झइतकीच जागा देई. तिच्या नकलेची नक्कल काढली की चेहरे वितळू लागत. ॲनालॉग फितीवर संकेत हा चढउतार म्हणूनच नोंदलेला असल्याने फितीची खरखर आणि मूळचा चढउतार यांत यंत्राला भेद करता येत नाही; प्रत्येक पिढीची खरखर पुढच्या पिढीचा मजकूर होऊन बसते. लेखनिकाची चूक पुढच्या लेखनिकाला पाठ म्हणूनच मिळते, तसेच हे. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली ती याच कारणाने.

अंकीय पद्धतीत चढउताराऐवजी त्याच्या मोजमापाचे आकडे लिहिले जातात. आकड्यावर खरखर बसली तरी तो शून्य आहे की एक एवढेच ओळखायचे असते, आणि ते ओळखता आले की नक्कल मुळाबरहुकूम होते. किती वेळा मोजायचे यावर १९८२ साली एक आंतरराष्ट्रीय शिफारस झाली, ती ६०१ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. अमेरिका-जपानच्या ५२५ रेषा आणि युरोप-भारताच्या ६२५ रेषा या दोन्ही पंथांना चालेल असा आकडा त्यात शोधला गेला: प्रकाशाचे मोजमाप सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा आणि रंगाच्या दोन घटकांचे त्याच्या निम्म्याने. एका पंथाच्या रेषेत असे ८५८ नमुने बसतात, दुसऱ्याच्या रेषेत ८६४, आणि दोहोंतही प्रत्यक्ष चित्राचे नमुने ७२०. दूरचित्रवाणीच्या भांडकुदळ इतिहासात इतकी समंजस तडजोड क्वचितच झाली असेल. 'चार-दोन-दोन' हे जे सूत्र तंत्रज्ञांच्या तोंडी असते त्याचा अर्थ हाच: प्रकाशाच्या चार नमुन्यांमागे प्रत्येक रंगघटकाचे दोन. डोळा रंगाच्या बाबतीत ढिला असतो, ही शरीरशास्त्रातील गोष्ट त्यात गृहीत धरली आहे.

सर्व आकडे काही न गाळता लिहायचे तर आठ बिटांच्या हिशेबाने सेकंदाला २१६ मेगाबिट होतात. सोनीची १९८६ सालची डी-१ पद्धत नेमके हेच करी; फीत १९ मिलिमीटर रुंद, यंत्र अतिशय महाग. पाठोपाठ १९८८ मध्ये डी-२ आली. ॲम्पेक्स आणि सोनी यांनी तिच्यात काटकसरीचा मार्ग धरला: मिसळलेला संकेत न फोडता तसाच आकड्यांत उतरवायचा. पॅनासॉनिकच्या डी-३ ने १९९१ मध्ये तेच काम अर्ध्या इंची फितीवर केले. डी-४ नावाची पद्धत निघालीच नाही. जपानी भाषेत चार आणि मृत्यू यांचा उच्चार सारखा, म्हणून तो अंक वगळला असे सांगतात. डी-५ मध्ये घटक पुन्हा वेगळे झाले. बीबीसीने १९९० च्या दशकात आपल्या दोन इंची जुन्या फितींतील मोठा साठा डी-३ वर उतरवला आणि पुढच्या दशकात तोच साठा डी-३ वरून संगणकीय धारिकांत उतरवण्याचे काम काढावे लागले, कारण डी-३ ची यंत्रेच सरू लागली होती. शिवाय डी-३ वर चढवलेला संकेत मिसळलेलाच होता. नक्कल निर्दोष झाली खरी, पण मुळातल्या गुंत्यासकट.

या सगळ्या यंत्रांशी आमच्या तीन शहरांचा काडीचा संबंध आला नाही. आला तो १९९५ साली आलेल्या डीव्हीशी.

डीव्ही ही एका कंपनीची पद्धत नव्हे. जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी मिळून ठरवलेली. फीत पाव इंच रुंद, जाडी सात मायक्रॉनच्या आसपास. वाचन-लेखनाचे शीर्ष एका पिंपावर बसवलेले, ते पिंप मिनिटाला ९००० फेरे घेते, आणि तिरप्या रेघांत मजकूर लिहिला जातो. एका रेघेची रुंदी १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. पाल पद्धतीत एक चौकट अशा १२ रेघांत लिहिली जाते. चौकटीचे आकडे प्रथम चार-दोन-शून्य या हिशेबाने कमी केले जातात. रंगाची माहिती आडवीही निम्मी आणि उभीही निम्मी. राहिलेले सेकंदाला सुमारे १२५ मेगाबिट गणिताने दाबून २५ वर आणले जातात, म्हणजे पाचास एक. आवाज, खुणा आणि चुका दुरुस्त करणारे जादा आकडे मिळून फितीवर प्रत्यक्षात सुमारे ४२ मेगाबिट लिहिले जातात. दुरुस्तीसाठी एवढी जागा राखणारे लेखन आपल्या पोथीपरंपरेत वेदपाठाच्या घन-जटांखेरीज आम्हांला तरी आठवत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डीव्हीची नक्कल निर्दोष असते, डीव्हीचे लेखन निर्दोष नसते. काय टाकायचे याचा निर्णय कॅमेऱ्यातच, चित्र उमटता उमटता झालेला असतो आणि तो परत फिरवता येत नाही. आमच्याकडील लग्नांत हा निर्णय सर्वांत जास्त जाणवतो तो नवरीच्या वस्त्रावर. लाल रंगात प्रकाशाचा अंश थोडा आणि रंगाचा अंश मोठा. त्यामुळे लाल शालूची किनार जिथे पिवळ्या जरीला भिडते तिथे रंगाच्या पायऱ्या पडलेल्या दिसतात. व्हीएचएसवर तोच लाल रंग सरळ ओघळत असे, तेव्हा ही प्रगती होती हे मान्य केले पाहिजे.

डीव्हीच्या दोन व्यावसायिक बहिणी होत्या. पॅनासॉनिकच्या डीव्हीसीप्रोने रेघ १८ मायक्रॉनांची केली, आणि पाल देशांतही रंगासाठी चार-एक-एक हे सूत्र ठेवले. म्हणजे आडवे पाव, उभे पूर्ण. सोनीच्या डीव्हीकॅमने १९९६ मध्ये आकडे तेच ठेवून रेघ फक्त १५ मायक्रॉनांची केली. मजकूर अक्षरशः एकच, अक्षर तेवढे मोठे. परिणामी ६० मिनिटांच्या कॅसेटवर ४० मिनिटेच मावत, पण यंत्र बदलले तरी वाचन अडण्याची शक्यता कमी होई. सोनीचे पीडी-१५० आणि पुढे २००३ पासून पीडी-१७० हे कॅमेरे दोन्ही प्रकारे लिहू शकत. लग्नाच्या धंद्यात चाळीस मिनिटांनी कॅसेट बदलणे कोणाला परवडणार? मंगलाष्टके कॅसेटची वाट पाहत नाहीत. म्हणून यंत्राची सोय असूनही बहुतेक काम बारीक अक्षरातच झाले. वृत्तपत्रांच्या मुद्रितांत छोटा टंक का वापरतात हे ज्याला ठाऊक आहे त्याने या शूटिंगवाल्यांना नावे ठेवू नयेत.

आता मूळ प्रतीचे काय झाले ते पाहू. मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट संगणकात उतरवली की सुमारे १३ गिगाबाइट होते. चार तासांच्या लग्नाला ५२ लागले. २००२ च्या सुमारास दुकानातल्या संगणकाची डिस्क पुष्कळदा ४० गिगाबाइटची असे. तेव्हा कॅसेट थोडी थोडी उतरवायची, मिक्सिंग करायचे, गाणी चढवायची, गिऱ्हाइकाला द्यायची सीडी बनवायची आणि डिस्क पुसायची, हाच क्रम. उतरवणेही दोन प्रकारचे. फायरवायरच्या तारेने फितीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. परंतु ज्या दुकानांत ते कार्ड नव्हते तिथे पिवळ्या पिनेने चित्र काढले जाई. म्हणजे वेगळे केलेले प्रकाश-रंग पुन्हा मिसळायचे, ॲनालॉग करायचे आणि पुन्हा मोजायचे. अंकीय फितीचा एकमेव मोठा गुण त्या पिवळ्या तारेत संपत असे. नंतर व्हिडिओ सीडी. तिचा चित्राचा वेग सेकंदाला १.१५ मेगाबिट, चौकट ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची; मूळ चित्राच्या क्षेत्रफळाचा जेमतेम चतुर्थांश आणि माहितीचा विसाव्या भागाहूनही कमी. घरी पोचला तो हा सारांश. मूळ कॅसेट दुकानात राहिली, आणि पुढच्या मुहूर्ताला तिच्यावरच दुसऱ्याचे लग्न लिहिले गेले.

व्हीएचएसच्या काळी असे होत नसे असे नाही. तथापि आमच्या पाहण्यातल्या त्या काळच्या कॅसेटी पुष्कळदा कॅमेऱ्यातून निघालेल्याच आहेत. नावाची पाटी चढवली, दोन-चार जागी गाणे भरले की तीच कॅसेट गिऱ्हाइकाच्या हाती पडे. प्रत वाईट होती, पण मूळ होती. त्यामुळे आज विचित्र स्थिती अशी की आमच्या परिसरातल्या १९९२ च्या लग्नाचे मूळ चित्रण मिळते आणि २००२ च्या लग्नाचे मिळत नाही. यात शूटिंगवाल्यांचा अपराध कमी आणि गिऱ्हाइकांचा जास्त. 'सीडी मिळाली ना?' यापलीकडे कोणी विचारले नाही. (उल्हासनगरला 'मेड इन यूएसए'च्या विनोदापायी मूळ आणि नक्कल यांवरून उगाच पुष्कळ ऐकावे लागले आहे. या बाबतीत अंबरनाथ-बदलापूरची सुसंस्कृत म्हणवणारी मध्यमवर्गीय घरेही तितकीच बेफिकीर निघाली, हे नमूद केलेले बरे.)

एका गटाच्या बाबतीत मात्र ही हानी विवाहसोहळ्यांपुरती राहत नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबे वसवली गेली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींचे पाच कॅम्प आजही क्रमांकांनीच ओळखले जातात. सिंधहून जे प्रौढपणी आले त्यांची पत्रे, हिशेब, वह्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. सिंधी भाषा १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, ती देवनागरीतही लिहिली जाते, तरी नातवंडांपैकी बहुतेकांना आजोबांची वही वाचता येत नाही. आमच्या वर्गात मराठी शिकायला येणाऱ्या सिंधी विद्यार्थ्यांकडून हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. लग्नघरात बायका जे 'लाडा' म्हणतात ती गाणी तर बहुतांशी लिपीत उतरलीच नव्हती. ती शिकारपूर, लारकाणा, हैदराबाद अशा गावांची वळणे घेऊन तोंडातोंडी आली आणि म्हणणाऱ्या बायका १९९५ ते २०१० या काळात सत्तरी-ऐंशीच्या घरात होत्या. त्यांचे गाणे ज्याने अखंड टिपले तो लग्नाचा कॅमेराच. ज्या कामाला लिपी लागत नाही असे वाटले होते, त्यालाही एक लिपी होती. रेघ १० मायक्रॉनांची, मिनिटाला ९००० फेऱ्यांनी वाचायची. मिक्सिंगमध्ये नेमके हेच गाणे कापले जाई, कारण ते लांब आणि 'एकसुरी' असे, आणि त्यावर सिनेमाचे गाणे चढवण्याची पद्धत होती. व्हिडिओ सीडीत ते नाहीच. असेल तर न पुसल्या गेलेल्या एखाद्या मूळ कॅसेटवर.

अशा कॅसेटी निघतात, क्वचित निघतात. कुणी शूटिंगवाला धंदा बंद करून गोणी बाहेर काढतो, कुठे माळ्यावर नातेवाइकाने स्वतःच्या हँडीकॅमने घेतलेली एखादी सापडते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या आणि वालधुनीच्या काठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा किती गेल्या याची गणती कोण करणार. भिजलेली व्हीएचएस वाळवून चालवली तर चित्र बर्फासारखे पडते, तरी माणूस ओळखू येतो. मिनी डीव्हीचे तसे नाही. एका मर्यादेपर्यंत दुरुस्तीचे जादा आकडे सगळे सावरून घेतात, आणि त्या मर्यादेपलीकडे चित्र एकदम चौकोन चौकोन होऊन कोसळते. मधली पायरी नाही. २००३ साली आलेल्या एचडीव्हीची गोष्ट याहून वाईट: तीच कॅसेट, तेच २५ मेगाबिट, पण बारा बारा चौकटींचा गट एकमेकींवर अवलंबून, एक रेघ गेली की अर्धा सेकंद जातो.

त्याहून धोक्याची बाब म्हणजे सावरून घेण्याची रीत. न वाचलेल्या चौकोनाच्या जागी यंत्र आधीच्या चौकटीतला चौकोन आणून बसवते आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा शक पूर्वी ७८२ असाही वाचला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरला आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. दगडावरचा अंक पुसट होता हे दोन्ही वेळच्या वाचकांना दिसत होते, म्हणूनच वाद घालता आला. डीव्हीचे यंत्र पुसट अंक दाखवतच नाही, सुबक अंक कोरून देते. सुदैवाने या पद्धतीच्या कर्त्यांनी एक प्रामाणिकपणा केला आहे. कोणता चौकोन मुळाचा आणि कोणता भरीचा, याची खूण आकड्यांतच ठेवलेली असते. फायरवायरने उतरवले तर ती खूण हाती लागते. पिवळ्या पिनेतून ती येत नाही.

याच खुणेवर डीव्हीरेस्क्यू नावाची एक मुक्त प्रणाली चालते. अमेरिकेतील एका अभिलेखसंस्थेने मीडियाएरिया या गटाच्या साह्याने ती तयार केली. एकच कॅसेट दोन-तीनदा, शक्य तर वेगवेगळ्या यंत्रांवर वाचायची. प्रत्येक वाचनात भरीचे चौकोन कुठे आहेत ते प्रणाली पाहते आणि जिथे ज्या वाचनाचा पाठ मुळाचा असेल तिथे तो घेऊन एक प्रत सिद्ध करते. ही पाठचिकित्साच आहे, आणि पुष्कळ छापील संपादनांहून काटेकोर. कारण येथे संपादकाला आपली आवड मध्ये आणता येत नाही.

अडचण वाचकयंत्रांची आहे. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी २०१६ मध्ये बंद केल्या, त्याच वर्षी जपानच्या फुनाईने व्हीएचएसची यंत्रे बनवणे थांबवले. डीव्हीची नवी यंत्रेही आता बनत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच २०२५ ही चुंबकीय फितींची अखेरची मुदत म्हणून जाहीर केली होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरात ॲपलच्या मॅकओएस टाहोतून फायरवायरचा आधारच गेला, म्हणजे फीत आणि यंत्र दोन्ही असली तरी नव्या मॅक संगणकाला ती तार कळत नाही. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीत सुरक्षित होत्या. एक अक्षरही झिजले नव्हते, पण पंथाबाहेर किल्ली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्यासारख्यांना ती किल्ली मिळाली, कारण ती जाणणारी माणसे मठांत हयात होती. डीव्हीची किल्ली छापील मानकांत उघड आहे, तेव्हा गुप्ततेचा प्रश्न नाही. प्रश्न फिरत्या पिंपाचा आहे. मानक वाचून कोणी ते पिंप घडवू शकेल, परंतु आमच्या तीन शहरांतल्या कॅसेटींसाठी कोणी घडवील असे दिसत नाही. तोवर जुने कॅमेरे हेच वाचक. दुरुस्ती करणारे कारागीर उल्हासनगरात अजून भेटतात. एका कॅमेऱ्याचे शीर्ष दुसऱ्यात बसवून ते आमचे काम चालू ठेवतात आणि 'हे शेवटचे' असे दर खेपेस सांगतात.

गेल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांनी आणलेल्या अशा मूळ कॅसेटींपैकी एकीवर लाडा सलग मिळाला. तीन वेळा वाचून प्रत तयार केली. शब्द एका विद्यार्थिनीच्या आत्याने अरबी लिपीत लिहून दिले, विद्यार्थिनीने शेजारी देवनागरीत. तिसऱ्या कडव्यात जिथे तिन्ही वाचनांत भरीचेच चौकोन आले आणि आवाजही तुटला, तिथे आत्याला शब्द आठवत होते. आम्ही ते टीपेत घेतले. संहितेत त्या जागी 'त्रुटित' असे लिहून वेळेचा आकडा दिला आहे.